प्राध्यापक एटलिंगरांचा शेवटचा तास

मी बाक बोलतोय, विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गातला, पहिल्या रांगेतला. लाकूड अस्सल ओकचं, पण नशीब मार खायचं. आमच्याकडे, जर्मनीत, तास आवडला तर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत. मूठ वळून बाकावर ठकठक करतात. नाही आवडला, तर पाय घासतात. म्हणजे कौतुक मास्तरांचं आणि मार माझ्या पाठीवर!

लोटार एटलिंगर पहिल्यांदा वर्गात आले, तेव्हा तरुण, काटकुळे होते. कोटभर खडू सांडलेला. पहिल्याच दिवशी त्यांचा प्रयोग फसला. मागून पाय घासल्याचा आवाज आला. ते शांतपणे म्हणाले, "निसर्ग बरोबरच आहे. चुकलोय मी. कुठे चुकलो, ते शोधा बघू!" पोरं चूक शोधण्यात रंगून गेली. तास संपला तेव्हा ठकठकीने माझी हाडं खिळखिळी झाली होती.

पुढे प्रकाशावरच्या संशोधनाने त्यांचं नाव झालं. बर्लिनहून बोलावणं आलं, पण ते गेले नाहीत. "तिथे प्रयोगशाळा मोठी, पण पोरांशी गप्पा कधी मारायच्या?" म्हणायचे.

त्यांचा लाडका विद्यार्थी फोल्कमार माझ्यावरच बसायचा. लोहाराचं पोर. प्राध्यापकांनी त्याला हाताला धरून शिकवलं, घरी जेवू घातलं, आपला सहायक केलं. तास संपला की पहिली मूठ त्याचीच पडायची, मग सगळा वर्ग दणाणायचा.

मग नवं सरकार आलं. ज्यूंना नोकरीवरून काढायचा हुकूम निघाला. एटलिंगर ज्यू होते, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेवटच्या तासाला मागच्या रांगांत नव्या सरकारचे तपकिरी गणवेशातले गुंड येऊन बसले. प्राध्यापक रोजच्यासारखेच शिकवत राहिले. शेवटी खडू ठेवला आणि फोल्कमारकडे पाहिलं.

फोल्कमारने मूठ उचलली. मागून कुणीतरी गुरगुरलं, "काय रे, नोकरी नकोशी झालीय का?"

मूठ सैल झाली आणि मांडीवर गेली. बाकी कुणाचीही मूठ उठली नाही. प्राध्यापकांनी कोटावरचा खडू झटकला. "बरं, येतो," एवढंच म्हणाले आणि गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या मुठींनी वाजलो, पण त्या दिवशी आपण होऊन एकदा वाजता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इस्तंबूलच्या विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. इकडे त्यांच्या खुर्चीवर फोल्कमार बसला.

युद्धानंतर काही वर्षांनी एटलिंगरांना पाहुणे म्हणून बोलावलं. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. व्याख्यान संपलं आणि फोल्कमारची मूठ माझ्यावर आदळली. सगळा वर्ग दणाणला. सगळे थांबले तरी तो थांबेना.

प्राध्यापकांनी खाली उतरून त्याचा हात धरला. "पुरे रे. सोलवटला बघ हात."

"सर, परत या ना! ही जागा तुमचीच आहे. मी आजच सोडतो."

"तिकडची पोरं टाळ्या वाजवतात," ते म्हणाले. "आधी फार परकं वाटायचं. आता तेच घरचं वाटतं, बाळा."

त्यानंतर ते कधीच आले नाहीत. ते तिकडेच वारले.

वर्गात आता नवे बाक आलेत आणि मी तळघरात धूळ खात पडलोय. माझं काय, लाकूडच ते. पण तुम्हाला एक विनवणी आहे. कुणासाठी मूठ वळलीत, तर ती सोडू नका. माणूस दाराबाहेर पडायच्या आत वाजवा.