कॅप्सूलचा प्रसाद

माझ्या सासऱ्यांना, रुद्रप्पांना, कोलेस्टेरॉल निघालं तेव्हा त्यांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगितलं. धर्मापुरीत नुकतीच केबल आली होती, चौकात एसटीडी बूथ झाला होता, त्यात आता हे. असा शहरी आजार गावात त्यांच्याआधी कुणाला झाला नव्हता. निदान कुणी कबूल केला नव्हता.

परळीच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आणि बजावलं, "अंग दुखायला लागलं तर लगेच येऊन सांगा." गोळी सुरू झाली आणि मामंजींच्या मांड्या, पोटऱ्या ठणकायला लागल्या. दुकानातल्या गादीवरून उठताना ते ज्वारीच्या पोत्याला धरू लागले. पण डॉक्टरांकडे जाईनात, कारण श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची पालखी. पुढच्या दांडीला पहिला खांदा मामंजींचा, आणि समोरच दुकान असलेला त्यांचा चुलतभाऊ बसवेश्वर त्या मानावर कधीचा डोळा ठेवून होता. पायांची बातमी फुटली की मान गेला! या हट्टापायी म्हातारा अंथरूण धरणार, म्हणून मला त्यांचा भारी राग यायचा.

अशात मामंजींचा उमापूरचा भाचा बद्रीनाथ ताकदीच्या कॅप्सूल विकत टपकला. भर उन्हात गळ्याला टाय, हातात सूटकेस.

"मामा, गोळीनं पाय दुखत्यात ना? मग वरून ही कॅप्सूल घ्या. गोळीचा सगळा त्रास ओढून घेती."

"दोन-दोन औषधं कशाला बे?"

"औषध कुठं हाय? डबीवर बघा की. आहार हाय हा, आहार!"

घोटाळा इथेच झाला. आमच्या घरात गळ्यातल्या लिंगाला अर्पण केल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. औषध मामंजी तसंच गिळायचे, पण आहार म्हटल्यावर सकाळी पूजेत, तळहातावरच्या लिंगासमोर, वाटीभर कॅप्सूल मांडल्या गेल्या. अर्पण केलं की प्रसाद झाला. प्रसाद एकट्याने खायचा नाही आणि हात पुढे करणाऱ्याला नाही म्हणायचं नाही.

मग काय, मिठाला आलेलं गिऱ्हाईक मीठ आणि कॅप्सूल घेऊन जाऊ लागलं. शेजारच्या वत्सलाबाई गुडघे मऊ झाल्याचं सांगत गल्लीभर फिरल्या. आणि बसवेश्वरकाका तर रोज पूजेच्या वेळेला दारात हजर, ओंजळ पुढे करून.

"माझ्याच कॅप्सूलवर ताकद कमावतंय हे बेनं!" मामंजी आत येऊन चरफडायचे.

"मग देऊ नका," मी म्हणायची.

"येडी का काय तू? प्रसादाला न्हाई कसं म्हणावं?"

वाटी फिरून परत येईपर्यंत बहुतेक वेळा रिकामी झालेली असायची. ज्याचे पाय दुखत होते तोच उपाशी.

पालखीचा दिवस उजाडला. मामंजी पुढच्या दांडीखाली वाकले. "हर हर महादेव!" गर्जना झाली. पालखी हलली नाही. मामंजी मात्र हळूहळू खाली गेले आणि मांडी घालून बसले. बसवेश्वरकाका लगबगीने पुढे झाले, त्यांच्या जागी वाकले, आणि तेही त्यांच्या शेजारी बसले.

"तुला काय झालं बे?" मामंजी कुजबुजले.

"आण्णा, त्याच डॉक्टरची गोळी. मलाबी."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"तुमी सांगितलंत?"

लोकांना वाटलं दोघांना समाधी लागली. दोन-चार जण पायाही पडले. तेवढ्यात सासूबाईंनी, शांतादेवींनी, पदर खोचला.

"प्रणिता, ये. देवाला काय इथंच बसवायचं हाय का दिवसभर?"

आम्ही दोघींनी पुढची दांडी खांद्यावर घेतली. मागे कुणीतरी पुटपुटलं, "बायका?" सासूबाईंनी फक्त मान वळवून पाहिलं. पुटपुटणं थांबलं आणि पालखी उठली. वजन होतं, खोटं कशाला बोलू, पण जमलं. मागून दोघे म्हातारे एकमेकांना धरून लंगडत येत होते. मामंजींचे डोळे भरले होते. माझा राग तिथल्या तिथे विरघळला.

दुसऱ्या दिवशी दोघे एकाच जीपने परळीला गेले. डॉक्टरांनी दोघांनाही झाडलं, गोळी बदलून दिली, आणि महिन्याभरात मामंजी पोत्याला न धरता उठू लागले. एका सकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं.

"पुढच्या साली पहिला खांदा तुझा. माझे पाय बरे झाले तरीबी तुझाच."

एवढी वर्षं जिवापाड जपलेला मान त्यांनी असा सहज माझ्या ओटीत घातला होता.

"रोज प्रसाद दिला तुला," ते अभिमानाने म्हणाले. "मला मिळाली न्हाई, पण कॅप्सूलची समदी ताकद तुझ्या अंगात मुरली बघ."

मी वाकून नमस्कार केला. माझ्या वाट्याची प्रत्येक कॅप्सूल मी कपाळाला लावून म्हशीच्या पेंडीत टाकत होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.