खिळ्यांचा पट्टा

"पट्टा कोन काढते?" रुपरावने विचारलं, आणि अंगणात बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली.

बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या सकाळीच सोडून झाल्या होत्या. एका टोपलीत त्या मुक्या पडल्या होत्या. घरचा मालक गेला की जनावरांच्या गळ्यातलं सारं उतरवायचं आणि तेरवीला पुन्हा बांधायचं, अशी टोलीतली जुनी रीत. खाप्याच्या वर, जंगलाला टेकून असलेल्या त्या दहा-वीस घरांत ती अजून कोणी मोडली नव्हती. बकऱ्यांचं काम सोपं होतं. राहिला होता काळा.

काळा बकऱ्यांच्या कोठ्याच्या दाराशी उभा होता. वासराएवढं कुत्रं. गळ्यात चार बोटं रुंद कातड्याचा पट्टा, त्यातून बाहेर आलेले लोखंडी खिळे. गेलेल्या मालकाने, चंपतरावांनी, तो खाप्याच्या लोहाराकडून करून आणला होता. चंपतरावांखेरीज काळ्याला कोणाचा हात कधी लागला नव्हता, आणि त्यांचाही वर्षातून एकदोनदाच, कातड्याला तेल लावायचं असेल तेव्हा.

"तू काढ ना गा रुपराव," शेजारचा नत्थू म्हणाला. "तूच तर आता मालक होनार बकऱ्याईचा."

"अन् हात गेला त मंग?" चंपतरावांचा हा धाकटा भाऊ म्हणाला.

"दुसरा हाय ना."

सुतकातल्या अंगणात दोघंतिघं हसले.

देवकी ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. नागपूरहून ती वडिलांबरोबर टोलीवर आली त्याला दीड महिना होऊन गेला होता. ती शिकवत असलेल्या धंतोलीतल्या शाळेने रजा वाढवून दिली होती. तिला रडू आलं नव्हतं. सगळ्या बाया मिळून रडल्या तेव्हाही नाही. दुसऱ्याच्या घरातलं काही काचेतून पाहावं तसं ती पाहत होती.

शेवटी देवकीची माय, रुखमाबाई, उठली. तिने खुंटीवरचा नवऱ्याचा शेला काढला, अंगावर घेतला आणि कोठ्याकडे गेली. काळ्याने नाक वर केलं. वास घेतला. आणि मान खाली घालून उभा राहिला. मायने बक्कल सोडलं. पट्टा तिच्या हातात आला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती केस दबून पडलेली एक फिकट वाट दिसली.

"झालं," रुपराव म्हणाला.

"अर्धं झालं," माय म्हणाली. "पट्टा काढला त घरचं मानूस कोठ्यात बसते भाऊजी. मामाजी, तुमचे बाबा, गेले तवा तुमचे भाऊ बसले होते. तेरवीपर्यंत. इसरले का?"

रुपराव विसरला नव्हता. त्याने कंबरेवर हात ठेवला. "थंडी काय पडून राहिली वहिनी. अन् माही कंबर... पोट्टा असता भाऊले, त गोष्ट वेगळी होती."

"मी बसते," देवकी म्हणाली.

हा आवाज आपलाच आहे, हे तिला जरा उशिरा कळलं.

*

कोठा म्हणजे तीन बाजूंना कुडाच्या भिंती आणि समोर बोरीबाभळीच्या फांद्यांचं कुंपण. मायने तिथे वडिलांचीच खाट टाकून दिली, दोन गोधड्या दिल्या, कंदील दिला. बकऱ्या रवंथ करत. काळा कुंपणाच्या आत, वाटेकडे तोंड करून बसे. देवकी त्याच्याशी बोलत नसे. लहानपणापासून तिला ते शिकवलेलं होतं.

ती सात-आठ वर्षांची असताना काळ्याच्या आधीच्या कुत्र्याचं पिल्लू तिने उचलून घरात आणलं होतं. वडिलांनी ते तिच्या मांडीवरून घेतलं आणि परत कोठ्यात नेऊन एका व्यालेल्या बकरीच्या आचळाशी लावलं. मारलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "मानसाचा हात लागला त कुत्रं घराचं होते वं. मंग ते बकऱ्याईचं राहत नाही." नावं तर ते ठेवतच नसत. रंगावरून म्हणायचे, काळा, भुरी. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते, हाक मारली की जवळ घ्यावंसं वाटतं.

मुलीला मात्र त्यांनी नाव दिलं होतं. पण तिलाही त्यांनी जवळ घेतल्याचं तिला फारसं आठवत नव्हतं. सातवी झाल्यावर तिची पेटी डोक्यावर घेऊन ते तिला नागपूरच्या वसतिगृहात सोडायला आले, फाटकाशी पेटी उतरवली आणि वळून चालू लागले. ती कोपऱ्यापर्यंत पाहत राहिली. त्यांनी मागे पाहिलं नाही. पुढे पुष्कळ पुस्तकं वाचल्यावर तिने याला वेगवेगळी नावं देऊन पाहिली. एकही बसलं नाही.

बिबट्या मात्र त्यांनी तिला समजावून सांगितला होता. एका दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी बिबट्या कुंपणापर्यंत आला होता. काळा आणि तेव्हाची दुसरी कुत्री भुरी, दोघं त्याच्यावर गेले नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे, हातभर अंतर राखून नुसते भुंकत राहिले. तो एकाकडे वळला की दुसरा त्याच्या मागे. पंजा उगारला की मागे सरायचे, उतरला की पुन्हा पुढे. एकदा त्याने काळ्याचा गळा धरला आणि लगेच सोडला. खिळे जबड्यात गेले होते. मग तो आला तसा निघून गेला, पाहुणा रुसून जावा तसा.

"मारलं काहून नाही त्यांनी?" तिने विचारलं होतं.

"कुत्रा बिबट्याले मारू शकत नाही. मारायचं नसतेच. बिबट्याले शिकार पाहिजे, जखम नाही पाहिजे. पाय मोडला त तो उपाशी मरते. आपून फक्त त्याले महाग पडायचं."

"आणि वाघ आला तर?"

"वाघ आला त कुत्र्यानं पळावं. त्याच्यात लाज नाही. वाघाले काहीच महाग पडत नाही."

मागच्या उन्हाळ्यात भुरी नाल्यावर एकटीच पाणी प्यायला गेली आणि परतली नाही. पट्टा तेवढा सापडला. दोन असले तर बिबट्या विचार करतो, एकट्या कुत्र्याचा तो घास करतो. दुसरं पिल्लू शोधून आणायचं चंपतरावांच्या मनात होतं. पण त्याच सुमारास त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

*

रोज सकाळी माय काळ्यासाठी ज्वारीचा घाटा दगडी डोणीत ओतून जाई, आणि रोज संध्याकाळी तो तसाच असे. वर कावळे बसलेले.

"खाऊन नाही राहिला वं," माय म्हणे.

"तू तरी कुठे खातेस?"

"मी खातो ना. तू पाहत नाही."

दोघी शेकोटीशी बसत. माय निखारे सारखे करत राही. तिच्या चेहऱ्यावर एक प्रश्न असे, तो ती विचारत नसे. देवकीला तो ठाऊक होता. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते. मग माणूस दवाखान्यातून उठून घरी का आला?

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कडुनिंबाखाली एक बाक होता. डॉक्टरांशी बोलून देवकी बाहेर आली तेव्हा वडील त्यावर काठी मांडीवर आडवी धरून बसले होते. ऑपरेशन करता येईल, डॉक्टर म्हणाले होते, पण गाठ यकृतापर्यंत गेलीय. करून फार काही हाती लागणार नाही. ती हे कसं सांगावं याची वाक्यं जुळवत आली होती.

"डाक्टर काय म्हनते?"

"बाबा, ते म्हणतात, पोटात जी गाठ आहे ना..."

"पुस्तकातलं नको सांगू. बिबट्या हाय का वाघ?"

समोरून हातगाडीवाला केळी घेऊन चालला होता. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"वाघ," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. कोणीतरी पुढच्या गावाचा रस्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा, तशी. "मंग चाल घरी," ते म्हणाले. "बकऱ्या वाट पाहून राहिल्या असतील."

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

*

तेरवी दोन दिवसांवर आली होती. दिवस मावळत होता, बकऱ्या नुकत्याच आत घेतल्या होत्या. देवकी खाटेवर बसून कंदिलाची काच पुसत होती. टेकडीवरच्या वानरांनी एकदम खॅक-खॅक सुरू केलं. मग तेही थांबलं. बकऱ्यांनी रवंथ थांबवलं.

काळा भुंकला नाही.

तो कुंपणाच्या वाटेवरून मागे मागे सरकत आला. पोट जमिनीला घासत, शेपूट पोटाखाली. खाटेपर्यंत आला आणि खाली शिरला. खाटेच्या सुतळ्यांतून तिला त्याचं थरथरणं कळत होतं. सगळी खाट थरथरत होती. ती पाय वर घेऊन बसली. काडेपेटी जवळच होती, काडी ओढावी हे सुचलं नाही. भीतीसुद्धा दूर कुठेतरी दुसऱ्या कोणाला वाटत असावी तशी होती.

कुंपण मोडलं. आवाज फार झाला नाही. काटेरी फांद्यांची भिंत कोणीतरी हाताने बाजूला केल्यासारखी झाली. एक बकरी अर्धवट ओरडली. मग काहीच नाही.

सकाळी अर्धी टोली कोठ्यापाशी जमली.

"कुत्रा कुठं होता?" रुपरावने विचारलं.

"खाटेखाली," देवकी म्हणाली. खोटं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

"खाटेखाली!" रुपरावने कपाळावर हात मारला. "आयकलं का नत्थूभाऊ? गाढवाएवढं धूड, अन् खाटेखाली!"

"मंग थंडी किती होती," नत्थू म्हणाला. "त्याची बी कंबर दुखत असंल."

लोक हसले. रुपराव हसला नाही. "तेरवी झाली की याले कन्हान नदीच्या पल्याड नेऊन सोडतो. बकऱ्या मी पाहीन, पन हे पळपुटं मले नाही पाहिजे. आज एक गेली, उद्या दोन जातील. पोत्यात घालतो अन् नेतो."

काळा कोपऱ्यात उभा होता. बरगड्या मोजता येतील इतका खंगलेला. पट्ट्याविना त्याची मान बारीक, उघडी वाटत होती. आपण काही बोललो नाही तर हा कुत्रा जाईल, हे देवकीला स्पष्ट कळत होतं. बोलायला मात्र कुठून तरी खूप खालून वर यावं लागत होतं.

ती उठली. मोडलेल्या कुंपणापाशी गेली. तिथली माती रात्रीच्या दवाने ओली होती. ती खाली बसली आणि मातीतल्या ठशात आपला हात ठेवला. अख्खा तळहात आत मावूनही कडेने जागा उरली.

नत्थू वाकून पाहत होता. त्याची थट्टा विरली. "रुपराव," तो हळूच म्हणाला, "हा बिबट्या नाही गा. मोठं जनावर हाय."

"बाबा सांगायचे," देवकी म्हणाली, "बिबट्या आला तर कुत्र्याने उभं राहावं. वाघ आला तर पळावं. त्यात लाज नाही."

"हाव, पळावं," रुपराव म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "म्हनूनच तुहा बाप दवाखान्यातून पळून आला ना! मी म्हनत होतो, आप्रेशन करा. मी वावर विकाले तयार होतो. कोनी आयकलं? माहा भाऊ आला अन् खाटेवर पडला."

माय दाराशी उभी होती. हातातलं घाट्याचं भांडं तिने खाली ठेवलं.

"त्यांनी मला विचारलं होतं काका," देवकी म्हणाली. "बिबट्या आहे का वाघ. मी वाघ म्हणाले."

रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. त्याची हनुवटी दोनदा हलली. मग तो ठशाकडे पाहू लागला, तिचा हात उठला होता तिथे.

"खरंच वाघ होता?" त्याने विचारलं.

"होता."

त्याने खांद्यावरचं फडकं डोक्याला गुंडाळलं आणि म्हणाला, "नत्थू, कुऱ्हाड आन. बाभळी तोडू. असं उघडं नाही ठेवता येत." जाताना तो काळ्याच्या जवळून गेला. पोत्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

माय कोठ्यात आली. देवकीला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. मायने भांडं उचललं, डोणीत घाटा ओतला, आणि परत जाताना देवकीच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि काढून घेतला.

*

तेरवीला पंगती उठल्यावर टोपली बाहेर आली. बकऱ्यांच्या गळ्यात पुन्हा घंट्या बांधल्या गेल्या, आणि इतके दिवस गप्प असलेला कोठा एकदम किणकिणू लागला. रुपराव एकेक बकरी धरत होता, देवकी बांधत होती.

मग रुपरावने पट्टा तिच्या हातात दिला. त्याने तो रात्री तेलात मुरवला होता. "हे तूच कर," तो म्हणाला. मायने वडिलांचा शेला पुढे केला. देवकीने तो अंगावर घेतला.

काळा मान खाली घालून उभा राहिला. तिने पट्टा गळ्याभोवती घेतला आणि बक्कल ओढलं. शेवटच्या भोकापर्यंत ओढलं. पट्टा सैल होता. खिळे एका बाजूला कलून लोंबत होते.

"थांब," रुपराव म्हणाला. घरात जाऊन तो चंपतरावांची कातडं टोचायची आरी घेऊन आला. देवकीने पट्टा दगडावर ठेवून कातड्यात नवं भोक पाडलं. जुन्या, झिजून मोठ्या झालेल्या भोकांच्या पुढे ते अगदी लहान दिसत होतं. तिने पट्टा पुन्हा बांधला. वडील करायचे तशी दोन बोटं आत घालून पाहिली. बोटांखाली काळ्याची नस शांतपणे उडत होती.

तिने बोटं बाहेर काढली आणि हात मागे घेतला.

काळा क्षणभर तसाच उभा राहिला. मग वळला आणि कुंपणाच्या वाटेवर, तोंड जंगलाकडे करून, आपल्या जागी जाऊन बसला.