गोमेच्या जागी साबण

बोलतेय मी, एक व्हिडिओ कॅसेट. मला पोटात घेऊन बोलतं करणारं यंत्र आता या घरात नाही, म्हणून हे असं तोंडीच सांगावं लागतंय.

कॅसेटला बालपण नसतं, वेष्टन असतं. माझं वेष्टन नेब्रास्कातल्या एका गावात अल्विन कोटासनं फाडलं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा हा गंभीर गृहस्थ शनिवारी दुपारी टीव्हीवर राक्षसी प्राण्यांचे जुने चित्रपट पाहायचा. अणुस्फोट झाला की कुठलाही किडा फुगायचा, शास्त्रज्ञ चष्मा काढायचा आणि लष्कर उशिरा यायचं. अल्विन हे सारं प्रार्थनेला बसल्यासारखं पाहायचा आणि टेप करून ठेवायचा. जाहिरात लागली की बटण दाबून टेप थांबवायची, संपली की तेच बटण दाबून पुन्हा चालू करायची. त्याच्या एकाही कॅसेटमध्ये जाहिरात सापडायची नाही. माणसाला कशाचाही अभिमान असू शकतो.

राक्षसी गोमेचा चित्रपट होता, त्या शनिवारी नेमकं त्याला दुकानात बोलावणं आलं. बटण बायकोच्या, अर्लीनच्या हाती गेलं. मध्येच तिच्या बहिणीचा फोन आला आणि एक दाब चुकला. तिथून पुढे सगळंच उलटं झालं. चित्रपट लागला की टेप थांबायची, जाहिरात लागली की चालू व्हायची. बिचारीनं शेवटपर्यंत इमानदारीनं बटण दाबलं.

संध्याकाळी सगळे पाहायला बसले. गोमेनं गावावर डोकं उचललं आणि पडद्यावर आला साबण. मग टायर. मग कुत्र्याचं खाणं. मुलगा डेल हसून हसून जमिनीवर लोळला.

“अगं, गोमेचं काय झालं?” अल्विननं विचारलं.

“साबणानं धुतली असेल! मी जागची हलले नाही, कळलं? माझे वाटाणे करपले तुझ्या त्या गोमेपायी!”

माझ्यावर कुणी दुसरं काही टेप करू नये म्हणून अल्विननं माझ्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली. बायकोला जन्मभर चिडवायची सोय झाली. पाहुणे आले की मला लावायचे. अर्लीन दर वेळी तितकीच चिडायची.

मग अर्लीन गेली.

अल्विन मला दर शनिवारी एकट्यानं लावू लागला. माझ्यावर तिचा चेहरा नाही, आवाज नाही. पण जिथं जिथं चित्र थरथरतं, तिथं तिचं बोट आहे. कुत्र्याच्या खाण्याच्या जाहिरातीचा पहिला शब्द तुटलाय. तिथं अल्विन म्हणायचा, “वाटाण्यांकडे धावलीस ना?”

डेलनं हे एकदा दारातून पाहिलं. म्हातारा बाप एकटाच बसून जुन्या साबणाच्या जाहिराती पाहतोय. पुढच्या खेपेला तो गोमेच्या चित्रपटाची नवी तबकडी, डीव्हीडी, आणि ती चालवायचं यंत्र घेऊन आला.

“बाबा, पूर्ण चित्रपट! एक जाहिरात नाही. शेवटी गोम मरते, बरं का!”

“हो का? बरं झालं. आणि जुनं यंत्र रे?”

“टाकून आलो. धूळ खात पडलं होतं नुसतं.”

अल्विननं तबकडी हातात घेतली. “बरं केलंस,” म्हणाला.

मग चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला तसलंच एक यंत्र मिळालं. मोठ्या आशेनं त्यानं मला आत ढकललं. यंत्रानं साबणापर्यंत दम धरला, मग माझी फीत चावून बाहेर ओकली. अल्विन गुडघे टेकून ती बोटांनी सरळ करत बसला. चुरगळलेली फीत सरळ होते; तिच्यावरचं चित्र होत नाही.

आता मी त्याच्या मोज्यांच्या खणात असते. परवा फोनवर डेलनं विचारलं, “गोम पाहिलीत का?” “पाहिली की. छान आहे,” अल्विन म्हणाला. ती तबकडी अजून वेष्टनातच आहे.

कधीतरी डेल हे घर रिकामं करायला येईल आणि मला टाकून देईल. टाकू दे. त्याचं मन वाईट नाही. फक्त माझ्यावर त्याच्या आईचं बोट होतं, एवढं त्याला कुणी सांगू नका. कळूनही आता तो काही करू शकणार नाही.