कपाटावरची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. वेताची नव्हे, वाळुंज नावाच्या झाडाच्या फोकांची, म्हणजे लवचीक फांद्यांची. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. टोपलीने सामान वाहावे, बोलू नये. पण शारेक नावाच्या एका बोक्याबद्दल मी बोलले नाही, तर दुसरे कोण बोलणार?

पोलंडमध्ये सान नदीच्या काठी वाळुंजाची शेतेच्या शेते आहेत. तिथल्या एका म्हाताऱ्याने हिवाळ्यात फोका कापल्या, उकळून सोलल्या आणि मला विणले. रुंद पोट, भक्कम मूठ आणि कडी लागणारे झाकण. गेनोवेफाबाईंनी मला बाजारातून आणले ते ईस्टरसाठी. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरोघरच्या बायका अंडी, पाव, मीठ टोपलीत मांडून चर्चमध्ये नेतात आणि पाद्री त्यावर पवित्र पाणी शिंपडतो. बाई माझ्यात कशिद्याचा पांढरा रुमाल अंथरत. बाकांवरच्या बायका माना वळवून माझ्याकडे पाहत. खोटे कशाला सांगू, मला गर्व झाला होता.

बाईंचे यजमान वारले, त्यानंतर महिन्याभराने शेजारच्या झेनोनने कोटाच्या खिशातून एक राखाडी पिल्लू काढून टेबलावर ठेवले.

"घ्या वहिनी. माझ्यापेक्षा कमी खातो आणि कमी बडबडतो."

"तुमच्यापेक्षा जास्त बडबडणारं जनावर देवाने अजून घडवलं नाही," बाई म्हणाल्या. महिन्याभरात त्या पहिल्यांदाच हसल्या.

तो शारेक. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यात येऊन झोपला. मुठीएवढा जीव, पण त्याची ऊब माझ्या तळापर्यंत पोहोचली. बाईंनी ते पाहिले आणि हातातला पंचा फटकारला. "हो बाहेर! देवाच्या टोपलीत केस पाडतोस?" तो तीनदा आला. तिन्ही वेळा पंचा फटकारला गेला. मग बाईंनी मला उचलून कपाटावर ठेवून दिले.

तिथून मी वर्षातून दोनदाच खाली उतरे. एकदा ईस्टरला आणि एकदा शारेकला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला, कारण झाकणाची टोपली घरात दुसरी नव्हती.

पहिली खेप मला अजून आठवते. त्याला मानगुटीला धरून आत कोंबले, कडी लावली. दवाखान्यात मला जमिनीवर ठेवले, तर एका कुत्र्याने माझ्या फटीला नाक लावून हुंगायला सुरुवात केली. तेव्हाचे डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. "उलटी करा, पडेल आपोआप," ते म्हणाले. शारेकने माझ्या फोकांत नखे रोवली. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण टोपलीला हात कुठे असतात? दोन फोका तुटल्या आणि तो थंडगार पत्र्याच्या टेबलावर पडला.

घरी आल्यावर बाईंनी मला व्हिनेगरने घासघासून धुतले. देवाच्या टोपलीला मांजराचा वास राहून कसे चालेल?

तेव्हापासून कपाटाजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, की शारेक चुलीमागे पसार होई. दर वर्षी तीच ओढाताण. गाडीत तो असा काही रडे, की बाई कानांवर हात घेत.

"अहो झेनोन, जरा हळू चालवा ना."

"हळूच चाललोय, वहिनी. आणखी हळू गेलो, तर कोंबड्या पुढे जातील."

भीतीने तो माझ्यातच घाण करी. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा कपाट.

अकराव्या वर्षी शारेक वाटीभर पाणी पिऊन पुन्हा वाटीशी जाऊन बसू लागला. पाठीचे मणके दिसू लागले. बाईंना कळत होते. त्या खुर्ची कपाटापाशी आणत, माझ्याकडे बघत आणि खुर्ची परत नेत. "आज नको रे, राजा. आज नाही छळत तुला. उद्या बघू." असे कितीतरी महिने गेले, त्या वर्षीची खेपही टळली. मित्रांनो, तो आळस नव्हता, माया होती. मी वर बसून सारे पाहत होते. त्या घरात औषधाच्या वाटेत जर कोणी आडवे आले असेल, तर ती मी.

मार्चमध्ये एका सकाळी तो जागचा उठेना, तेव्हा झेनोनने गाडी काढली.

दवाखान्यात आता मालविना नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला जमिनीवर ठेवू दिले नाही. उंच बाकावर ठेवून वर टॉवेल टाकला आणि थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग फक्त झाकण उघडले आणि शारेकला माझ्यातच ठेवून तपासले. इतक्या वर्षांत मला कोणी उलटे केले नाही, असे ते पहिल्यांदाच.

"किडन्या गेल्यात, आजी," रक्त तपासून त्या म्हणाल्या.

"आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरबाई टॉवेलची घडी घालू लागल्या.

"खरं सांग, पोरी."

"वर्ष-दोन वर्षं मिळाली असती. कदाचित."

"टोपली बघून थरथरायचा गं तो. मला बघवायचं नाही."

"टोपली त्याला फक्त वाईट दिवशीच दिसायची ना, आजी? आता हिला धुऊ नका. चुलीपाशी उघडी ठेवा, तुमची अंगावरची शाल आत घाला, खाणंही तिथेच द्या. सलाईनला आठवड्यातून दोनदा यावं लागेल. निदान ते येणं तरी त्याला सोपं जाऊ दे."

पहिले काही दिवस शारेक दुरूनच पाहत राहिला. मग त्याने माझ्या काठावरचा माशाचा तुकडा ओढून नेला. पुढे कधीतरी एक पंजा आत ठेवला. आणि एका दुपारी कोणी न बोलावता आत आला, शाल तुडवली आणि झोपला. बाई दारातच थांबल्या. त्यांनी हातातला पंचा तोंडावर दाबून धरला होता.

त्या वर्षी ईस्टरची अंडी वाडग्यातून गेली.

"वाडग्यात, वहिनी? बायका काय म्हणतील?"

"म्हणू देत. टोपलीत आमचं माणूस झोपलंय."

आठवड्याने सलाईनही पुरेनासे झाले आणि आम्ही शेवटचे दवाखान्यात गेलो. वाटेत तो रडला नाही. डॉक्टरबाईंनी त्याला कायमचे झोपवणारे इंजेक्शन माझ्यातच दिले, शालीखाली. बाईंचा हात आत होता. त्याची घुरघुर माझ्या तळाच्या फोकांना जाणवत होती. मग जाणवेनाशी झाली.

बाईंनी मला घरी नेले नाही. मी इथे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत असते आणि तुमच्यासारखी मुले आपापली मांजरे घेऊन येतात, त्यांच्याकडे बघते. अकरा वर्षांत शारेक माझ्यात राजीखुशीने जेमतेम महिनाभर झोपला. बाकीची वर्षेही त्याचीच होती. ती आम्ही कपाटावर ठेवली.

उपदेश करण्याएवढी मी शहाणी नाही. एवढेच मागते: तुमच्या घरीही अशी टोपली असेल, तर आजच खाली काढा. झाकण उघडे ठेवा, आत तुमचा एखादा जुना सदरा टाका. आणि मग तिकडे टक लावून बघू नका. त्याला हवे तेव्हा तो येईल.