रंगवलेली कणगी

मी एक जुनी कणगी आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्यातले किती जण खरोखर माझे मित्र आहेत, याची मला शंकाच आहे. ज्यांनी माझी वाट लावली, तीही माणसं चांगली शिकलेली होती आणि निसर्गावर भाषणं करत होती.

माझा जन्म मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा. तुका नावाच्या कारागिराने बांबूच्या कांबी काढून मला विणलं. गौराबाईने मला शेणमातीने आतून-बाहेरून सारवलं आणि माझ्या पोटात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं ठेवलं. बारीक, तांबूस दाणा, तिच्या आजेसासूच्या हातून चालत आलेला. पीक निघालं की गौराबाई टपोरी कणसं निवडायची, मळायची, वाळवायची आणि राखेत घोळवून मला भरायची. सगळ्या पाड्याने दुकानातल्या बियाण्याच्या पिशव्या धरल्या, तिने मला सोडलं नाही. घरात चूल पेटली नाही तरी माझं झाकण उघडायचं नाही, असा तिचा दंडक होता. तिच्या मुलाने, रोहिदासने, लहानपणी एकदा माझ्यातली मूठभर नागली काढली, तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा बसला. फार हलका बसला, असं मला आता वाटतं.

हाच रोहिदास पुढे मास्तर झाला आणि जव्हारला स्लॅबचं घर बांधून राहिला. बायको चंदा एका कचेरीत कारकून. दोघंही डोंगरातल्या मातीत वाढलेली, पण आपली लेक हर्षदा मातीला शिवली की दोघांच्या अंगावर काटा यायचा. "शी, घाण! आधी हात धू!" एवढंच त्या पोरीच्या कानावर पडायचं.

यंदा पोशेऱ्याचं घर उतरवून तिथे घरकुल बांधायला घेतलं. गौराबाई तिथेच शेजाऱ्यांकडे राहिली आणि मला बियाण्यासकट लेकाकडे पाठवलं. नेमकी तेव्हाच हर्षदाच्या शाळेने 'हरित कुटुंब' स्पर्धा काढली. परीक्षक घरोघर येणार होते. झालं, रोहिदासला निसर्गाचा पुळका आला!

"कणगी मधोमध ठेवू," तो चंदाला म्हणाला. "पण हे शेणाचं रूप नको. चकाचक दिसली पाहिजे."

सारवण हे बायकांचं काम म्हणून त्याने जन्मात कधी त्याला हात लावला नव्हता. ते कशासाठी असतं, हे त्याला कुठून ठाऊक? त्याने बियाणं कागदावर ओतलं आणि पाइप लावून माझं सारवण धुऊन काढलं. हर्षदाने मला बोट लावून पाहिलं.

"पप्पा, ही अजून ओली आहे."

"उद्या परीक्षक येतायत. तू मध्ये बोलू नकोस."

ओल्या अंगावरच त्याने मला आतून-बाहेरून हिरवा ऑइल पेंट फासला. वर पांढरी नाचणारी माणसं काढली. रंग जेमतेम सुकतो न सुकतो तोच बियाणं आत ओतलं आणि दाणे दिसावेत म्हणून तोंडावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधलं. सारवणातून मी श्वास घेत असते, मित्रांनो. रंगाने आणि प्लास्टिकने माझं नाकतोंड दाबलं. भोवती कुंड्या मांडल्या आणि त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे उडवले.

पहिला नंबर आला. रोहिदासने भाषण ठोकलं, "निसर्गाची गोडी मुलांना घरातच लागते!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तो कोरडा होता, माझं पोट मात्र आतून घामेजत होतं. नंतर मला तशीच कोपऱ्यात सरकवलं आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही.

जेठात पेरणीच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले, तेव्हा गौराबाई बियाणं न्यायला आली. तिने प्लास्टिक फाडलं, आत हात घातला आणि काढला तो काळ्या बुरशीने माखलेला. तिने दाणे चोळले. त्यांचं पीठ झालं.

"बी मारलास रे," ती म्हणाली. "सगला मारलास."

"आई, दुकानातून चांगली पिशवी आणतो ना."

"पिशवी कोन बी आनल. ही नागली कोन देल?"

चंदा म्हणाली, "आमच्या लक्षात आलं नाही, आई."

"पोरीला रान शिकवाया निघलेत," गौराबाई कडाडली, "न् तुमाला सोताला काय येत नाय!"

रोहिदास त्याच दिवशी पोशेऱ्याला गेला, तिथून खोडाळ्यापर्यंत ओळखीची घरं पालथी घातली. तो दाणा कुणाकडेच उरला नव्हता. इकडे गौराबाईने खरवडून खरवडून माझा रंग काढला, मला उन्हात तापवलं. हर्षदा कोपरापर्यंत शेणात हात घालून मला सारवत होती आणि चंदाची तिला हटकायची हिंमत झाली नाही. मला त्या पोरीचा राग येत नाही. बाकी सगळ्यांचा येतो.

रोहिदास रिकामी पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी वाळून खडखडीत झाले होते.

"आजी, आता हिच्यात काय भरायचं?" हर्षदाने विचारलं.

"तुझे बापाला इचार," गौराबाई म्हणाली.

मित्रांनो, मुलांना निसर्गप्रेम शिकवायला निघण्याआधी घरात काय जिवंत आहे ते बघा, आणि त्याला कसं जगवायचं ते स्वतः शिका. हर्षदा अजून बापाकडे बघत उभी आहे.