औषधाचं मडकं

माझी नणंद युएलान लग्नाआधी घरची कापसाची बंडी होती. चीनमधल्या आमच्या शानशीत लाडक्या लेकीला तसंच म्हणतात, ती अंगाशी ऊब धरते म्हणून. मामंजी चारचौघांत सांगायचे, "मुलगे म्हणजे वरून घालायचा कोट, दिसण्यापुरता. थंडीत उपयोगाला बंडीच येते." पुढे ती पलीकडच्या गावात हौ घराण्यात दिली, आणि त्याच तोंडाने ते म्हणू लागले, लेक म्हणजे अंगणात फेकलेलं पाणी. सासरी तिला खोकला जडला तेव्हा सासूने तिसरं नाव पाडलं: औषधाचं मडकं.

माणसाला नाव पाडायला आमच्या लोकांना फार डोकं लागत नाही. घरात हाताशी असेल ती वस्तू उचलायची आणि त्याच्या माथी मारायची.

मक्याची काढणी झाली आणि सासूने तिला हवापालटाच्या नावाखाली आमच्याकडे धाडलं. नवरा त्यानंतर एकदाही फिरकला नाही. थंडी पडली, तिच्या थुंकीतून रक्त यायला लागलं. मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, हिला पोचवून ये. लग्न झालेल्या लेकीने माहेरी डोळे मिटले तर घराला पीडा लागते. तिने तिच्या घरी जावं."

माझा नवरा कोळशाच्या खाणीवर होता, म्हणून हातगाडी मीच ओढली. युएलान गोधडीत गुंडाळलेली, मागून म्हणत होती, "वहिनी, हळू. पोचायची घाई मलाही नाही."

तिची सासू दारातच उभी राहिली. आत युएलानचा नवरा शेवयांचा वाडगा घेऊन बसलेला. त्याने मान वर केली नाही.

"मावशी, तुमची सून आणलीय," मी म्हटलं. "निदान आत तरी घ्या."

"औषधाचं मडकं कुणी परत नेऊन देतं का गं? एवढी रीत ठाऊक नाही तुला?"

रीत ठाऊक होती. काढ्याचं मडकं उसनं नेलं तर आपणहून परत करायचं नाही, त्याच्याबरोबर दुखणंही दारात येतं. ज्याचं असेल त्याने गरज पडली की येऊन न्यायचं.

"मडकं नाही, माणूस आहे. आणि तुमचंच आहे."

"मग लागेल तेव्हा आम्ही येऊन नेऊ," ती म्हणाली आणि कडी लावली.

मला असा संताप आला की मी दारावर लाथ घातली. दार हललं नाही, माझाच अंगठा सुजला.

परत आलो तर आमच्याही दाराला आतून अडसर. मामंजी आतूनच बोलले, "फेकलेलं पाणी कुणी उचलून घरात आणत नाही, सूनबाई. तू एकटी असशील तर ये."

मी गेले नाही. भिंतीलगत गाडी लावली. तिथेच आम्ही तिच्या काढ्याचा चोथा टाकायचो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली दुखणं तुडवलं जावं म्हणून. त्या दिवशी लोक गाडीला वळसा घालून गेले.

"वहिनी, आता मला काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"युएलान म्हणायचं."

"बरं वाटतं ऐकायला," ती म्हणाली.

दुपार कलायच्या आत ती गेली. माझं रडणं ऐकून अडसर निघाला. मामंजी बाहेर आले, हातात त्यांची स्वतःची कापसाची बंडी. ते ती लेकीच्या अंगावर घालू लागले.

मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या अंगात चढवली. तिची थंडी संपली होती. मला वाजत होती.