मी चालवतो तेव्हा बंद पडत नाही

माझा थोरला भाऊ एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. लोकांनी कुठे पाय ठेवू नये हे सांगण्याचा त्याला पगार मिळतो. घरी हेच काम तो फुकट करतो.

अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांची पंचवीस वर्षांची पिकअप माझ्याकडे आली. मला ती हवीच होती. माझी रोपवाटिका आहे. कुंड्या दुकानांत, कचेऱ्यांत पोचवायच्या तर मागे उघडा हौदा लागतो. गाडी ताब्यात देण्याआधीच्या रविवारी दादाने तिची ‘संपूर्ण सुरक्षा तपासणी’ केली आणि डॅशबोर्डवर एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवला : ‘उतरण्यापूर्वी – दिवे? पंखा? रेडिओ?’ तीन प्रश्न, तिन्ही लाल अक्षरांत, आणि तिन्हींचा रोख माझ्यावर.

नवव्या दिवशी गाडी बंद पडली. बॅटरी पार उतरलेली.

“दिवे चालू ठेवलेस,” दादा म्हणाला.

“नाही ठेवले.”

“मग बॅटरी काय रुसली?”

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. दुसऱ्यानेही बॅटरीच बदलली, फक्त दुसऱ्या रंगाची. तिसऱ्याने अल्टरनेटर बदलला. इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहायचं काम या अल्टरनेटरचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवा अल्टरनेटर बसवूनही गाडी आठ-दहा दिवसांनी कुठल्यातरी चौकात, कुंड्यांसकट आणि माझ्यासकट, मुकाट उभी राहायची. मागची वाहनं हॉर्न वाजवायची. हॉर्न वाजवल्याने बॅटरी भरत नाही हे अजून कुणी लोकांना सांगितलेलं दिसत नाही.

मग दादा आपल्या मोटारीतून यायचा, केबल जोडून गाडी सुरू करायचा, आपली मोटार मला चालवायला द्यायचा आणि पिकअप स्वतः घरी न्यायचा. भरधाव. इंजिनाची बोंब दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. दारात उतरून, हात झटकत, तेच एक वाक्य.

“मी चालवतो तेव्हा बंद पडत नाही.”

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की खरंच पडायची नाही. त्याने न्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी टुणकन सुरू व्हावी. मी आठ दिवस चालवावी आणि तिने मान टाकावी. मीही मग रात्री तीनतीनदा उठून दिवे बंद आहेत का बघून यायला लागले. बंदच असायचे. तरी बघायचे. माणसाला रोज वेंधळं म्हणत राहिलं की ते स्वतःच्याच खिशात चोर शोधायला लागतं.

सातव्या खेपेनंतर दादाने कारखान्याच्या छापील नमुन्यावर ‘घटना-अहवाल’ भरला. मूळ कारण : चालकाचा निष्काळजीपणा. उपाय : चालक बदलणे किंवा वाहन काढून टाकणे. तो त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. दोन काका, एक मावशी आणि ज्याला कुणीच ओळखत नाही असा एक नातेवाईक, चौघांनी अंगठे दिले. आत्याचा फोन आला. “अगं, या वयात होतं असं. बदाम खात जा.”

गुरुवारी दादा म्हणाला, “शनिवारी चार वाजता दलाल येतोय. गाडी देऊन टाकू. अण्णा हो म्हणालेत.”

“अण्णा?”

अण्णांनी वर्तमानपत्र वर केलं. अण्णा सुतार होते. सागाला भ्याले नाहीत, शिसवाला भ्याले नाहीत. पोटच्या पोराला भितात.

“आणि माझ्या कुंड्या?” मी विचारलं.

“डोक्यावरून ने,” दादा म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदाला हसला. दुसरं कुणी हसेना, हे त्याच्या लक्षात आलं नाही. येत नाही.

शनिवारी पाच वाजता एका नव्या कचेरीत चाळीस कुंड्या पोचवायच्या होत्या. त्या वेळेवर गेल्या तर दर महिन्याचं काम माझं. सकाळीच त्या हौद्यात रचल्या, शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतला आणि गाडी मीटरकाकांकडे नेली. काकांचं दुकान म्हणजे दोन मोटारींमधली फट. मीटर लावल्याशिवाय ते कुणाबद्दलच मत बनवत नाहीत, म्हणून हे नाव.

“काय होतंय?”

“बॅटरी उतरते. माझा भाऊ म्हणतो की मी दिवे…”

“भाऊ मेकॅनिक आहे?”

“नाही.”

“मग त्याला राहू दे घरी. इंजिन चालू ठेवा.”

त्यांनी मीटरच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. बारा पॉइंट एक.

“चालू इंजिनावर चौदाच्या आसपास पाहिजे. भरतच नाहीये बॅटरी. तुम्ही दिवे लावा नाहीतर विझवा, उतरणारच.” बेल्ट दाबून बघितला, घट्ट होता. जाड तार हलवून बघितली, पक्की होती. “आता द्या जोरात.”

मी पाय दाबला. इंजिन दादाच्या आवाजात बोंबललं. मीटरचा आकडा थबकला आणि एकदम उडी मारून चौदावर गेला.

काकांनी मान वर केली. “ही गाडी दामटतं कोण?”

“भाऊ.”

“आणि तुम्ही?”

“मागे कुंड्या असतात. सावकाश नेते.”

“हं.” त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. “आता किल्ली अर्धीच फिरवा. बॅटरीचा लाल दिवा लागतो?”

“छे! आमच्या गाडीत तो कधीच लागत नाही,” मी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर जरा अभिमानानेच.

आपली नाडी कधी लागतच नाही असं पेशंटने सांगितल्यावर डॉक्टर जसा बघेल, तसं काकांनी बघितलं.

“बाई, किल्ली फिरवली की तो लागायला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझायला पाहिजे. जुन्या गाडीत तो नुसता शोभेचा नसतो. त्याच्यातूनच चिमूटभर करंट अल्टरनेटरला जातो, तेव्हा तो जागा होतो. दिवाच नसेल तर त्याला उठवणार कोण? दामटली तर दचकून आपला आपण उठतो. सावकाश चालवलं की घोरत पडतो.”

इंजिन पुन्हा सुरू करायला त्यांनी दुकानातली बॅटरी जोडली, मग काढली. इंजिन हळू गुरगुरत असताना त्यांनी आपला तपासणीचा छोटा बल्ब घेतला. एक टोक बॅटरीला, दुसरं अल्टरनेटरच्या बारक्या पिनेला. बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. मीटर : चौदा पॉइंट दोन. कुणी काहीच दामटलं नव्हतं.

सात खेपा, दोन बॅटऱ्या, एक अल्टरनेटर, आत्याचे बदाम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. इथे संन्याशिणीला दोराची लांबीसुद्धा विचारली होती.

काकांनी डॅशबोर्डची काच सोडवली आणि मागे हात घातला. एक रिकामा होल्डर बाहेर आला.

“बल्ब उडालेला नाही. काढलाय. आणि बघा, होल्डर परत जागेवर, तारेला चिकटपट्टी. ज्याने काढला त्याने फार व्यवस्थित काढलाय.”

व्यवस्थित. हा शब्द ऐकला आणि मी समोरचा कप्पा उघडला. गाडीचे कागद, पान्हे, आणि सगळ्यांच्या तळाशी झिपची बारकी पिशवी. आत करंगळीच्या नखाएवढा बल्ब. वर चिठ्ठी, लाल अक्षरांत : ‘जादा भाग. डॅशबोर्ड दिवा, नग १. अनावश्यक.’ खाली तारीख. तपासणीचा रविवार. त्याखाली लपेटदार सही.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. ‘अनावश्यक’ला त्याने अधोरेखित केलं होतं.

“नवा देऊ का?” काकांनी विचारलं.

“नको. हाच बसवा. पिशवी मला द्या.”

चाराला पाच कमी असताना दारात पोचले. अंगणात अण्णा खुर्चीवर, मांडीवर विक्रीचे कागद, दलाल गाडीकडे भुकेल्या नजरेने बघतोय, दादा घड्याळाकडे.

“आलीस? धक्का कुणी मारला?”

मी पिशवी त्याच्या हातात ठेवली. त्याने चिठ्ठी वाचली. आपलंच अक्षर परक्यासारखं वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

“हे कुठे मिळालं?”

“जिथे ठेवलं होतंस तिथे. ह्या बल्बाशिवाय बॅटरी भरत नाही. तुझ्या दामटण्यानं भरायची, माझ्या चालवण्यानं नाही. सातही खेपा मी वेंधळी.”

“अगं पण…” तो अण्णांकडे वळला. “अण्णा रोज बारा वाजता गाडीत बसून बातम्या ऐकायचे. किल्ली अर्धी फिरवायची की मला कामावर फोन. लाल दिवा लागलाय. लाल दिवा लागलाय. रोज! मी काय करणार होतो?”

“कारखान्यात भोंगा वाजला की तुम्ही लोक काय करता? भोंगा काढून पिशवीत ठेवता?” मी विचारलं.

दलाल फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं.

“अण्णा, तुम्हाला माहीत होतं?”

अण्णांनी कागदांच्या कडा जुळवल्या. “मला वाटलं, दिवा गेला म्हणजे बिघाड गेला.”

“बरं, झालं ना?” दादाचा आवाज पुन्हा अधिकारी झाला. “सापडलं कारण, मिटलं. उलट चालती गाडी म्हटल्यावर किंमतही बरी येईल. मी यांना शब्द दिलाय. अण्णा, सही करा.”

हा माणूस माफी मागणार नव्हता. तो माझ्या निर्दोष सुटण्याचा भाव वाढवून घेणार होता.

दलालाने पेन पुढे केलं. अण्णांनी ते कागदावर टेकवलं. मग उचललं, झटकलं, पुन्हा टेकवलं.

“चालत नाही,” ते म्हणाले.

“काका, आत्ताच तर मी त्यानं लिहिलं,” दलाल म्हणाला.

“चालत नाही,” अण्णा म्हणाले, आणि पेन टोपण लावून परत दिलं. दादाने स्वतःचं काढून दिलं. तेही चालेना. सुताराच्या हातात कुठलीच गोष्ट चालेना, असं त्या अंगणात कधी घडलं नव्हतं.

माझ्यावर उपकार झाल्यासारखं मी हसले नाही. चूक झाली म्हणायची, तर सरळ म्हणा ना, अण्णा. पेनावर काय ढकलता? पण कागद कोरा राहिला, तेवढं मी घेतलं.

गाडीत बसले. लॅमिनेट केलेला कागद ओरबाडून खिडकीतून दादाच्या हातात दिला. किल्ली अर्धी फिरवली. अण्णांनी खुर्चीवरूनच मान लांब केली.

“लाल दिवा लागलाय,” ते हळूच म्हणाले. या खेपेला त्यांनी कुणाला फोन केला नाही.

इंजिन सुरू झालं, दिवा विझला. मी दिवे लावले, पंखा लावला, रेडिओ लावला. तिन्ही प्रश्नांची उत्तरं भर दुपारी दिली. आणि पहिल्याच गिअरमध्ये निघाले, चाळीस कुंड्यांतलं एक पानही हलू नये अशी.

दादा खिडकीला धरून बाजूने चालायला लागला. “अगं ऐक तरी! किल्ली दे. दलाल काय म्हणेल?”

“अहवाल दुरुस्त कर. त्याच ग्रुपवर. मूळ कारणासमोर तुझं नाव.”

“ते बघू नंतर. इतक्या हळू नको नेऊस, बंद पडेल!”

मी आणखी हळू केली. तो गल्लीच्या टोकापर्यंत आला, कपाळ पुसत, हातात तीन लाल प्रश्न घेऊन. कोपऱ्यावर त्याचा दम संपला.

“थांब जरा,” तो म्हणाला.

गाडी थांबली नाही.